दारात बसणाऱ्या साळवे मॅडम

साळवे मॅडम दवाखान्यात गेल्या की पेशंटच्या उशाशी बसत नसत. आपल्याकडे पेशंटला भेटायला जाण्याची एक ठरलेली रीत आहे. आत शिरायचं, पलंगाच्या कडेला टेकायचं, त्या बिचाऱ्याच्या कपाळाला हात लावायचा, 'कसं काय झालं म्हणे' असं विचारून त्याला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायला लावायची आणि तो दमला की शहाळं ठेवून निघायचं. मॅडम यातलं काहीच करत नसत. खोलीतली एक खुर्ची उचलून त्या दाराबाहेर नेऊन ठेवत आणि पाठ ताठ करून तिच्यावर बसत. आत जाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कोटाला त्या उठून नमस्कार करत आणि विचारत, "आपण याच दवाखान्याचे, की बाहेरून आलात?"

हा प्रश्न ऐकून कोणी हसत, कोणी चिडत. मला स्वतःला तो कितीतरी दिवस उद्धट वाटत होता. डॉक्टरला असं कोणी विचारतं का?

नव्वदच्या दशकात बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका सूतगिरणीत मी टेलिफोनच्या बोर्डावर होतो. माझ्या खोलीला लागून कामगार कल्याण अधिकाऱ्यांची खोली होती. मध्ये प्लायवूडची भिंत. त्यामुळे माझं अर्धं काम फोन जोडण्याचं आणि उरलेलं अर्धं पलीकडचं ऐकण्याचं, असं आमचे हेडक्लार्क म्हणत. ते खोटं नव्हतं. साळवे मॅडम मला कळल्या त्या बऱ्याचशा त्या प्लायवूडमधून.

त्या बारामतीजवळच्या कऱ्हाटी गावच्या. पुण्यात समाजकार्याचं शिक्षण घेऊन आलेल्या. अधिकारी बाई येणार म्हटल्यावर आम्ही एखादी रुबाबदार, गॉगलवाली व्यक्ती मनात धरून बसलो होतो. आल्या त्या लूनावरून. लूना चालू होईना म्हणून फाटकापासून ऑफिसपर्यंत पायडल मारत. ठेंगणी, सावळी मूर्ती, इस्त्रीची सुती साडी आणि मनगटावर पुरुषी भलंमोठं घड्याळ. ते घड्याळ त्यांच्या वडिलांचं होतं. आबा लष्करातून निवृत्त झालेले, आणि त्यांचा मॅडमवर फार जीव. लग्न मॅडमनी केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची गिरणीत कोणाची छाती झाली नाही. बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी नेसून यायच्या, सगळ्या ऑफिसला घरून आणलेली खीर वाढायच्या आणि दुसऱ्या वाटीला मात्र कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. "शिफ्टवाल्यांना ठेवायचीय," म्हणायच्या. झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना 'अहो'. मला नावानं कधी हाक मारली नाही. 'अहो ऑपरेटर' हेच माझं नाव.

प्रश्न विचारण्याची त्यांची एक तऱ्हा होती. आपण प्रश्न विचारतो आणि समोरचा जरा घुटमळला की आपणच त्याच्या तोंडात उत्तर घालतो. मॅडम विचारत आणि गप्प बसत. अगदी गप्प. एकदा कॅन्टीनवाल्याला त्यांनी विचारलं, "या आमटीत डाळ किती घालता?" आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यानं आधी महागाई सांगितली, मग आचाऱ्याला नावं ठेवली, मग स्वतःच्या आईची शपथ घेतली. मॅडम आपल्या गप्पच. शेवटी तोच म्हणाला, "उद्यापास्नं वाढीवतो, बाई." दुसऱ्या दिवशी आमटीत चमचा उभा राहत होता.

"आबा पहाऱ्यावर असायचे," त्या एकदा मला म्हणाल्या. "कोण आहे, हे कळल्याशिवाय आत सोडायचं नाही. माझ्यात तेच उतरलंय. स्वभावाला औषध नाही बघा."

आता त्या दवाखान्याच्या प्रश्नाकडे येतो. आमच्या गिरणीचा बारामतीतल्या एका दवाखान्याशी करार होता. कामगार किंवा त्याच्या घरचं कोणी आजारी पडलं की गिरणीची चिठ्ठी घेऊन तिथं जायचं. खोली, औषधपाणी, दवाखान्याचे डॉक्टर, सगळं गिरणी बघणार. कामगार मोठ्या ऐटीत 'आपला दवाखाना' म्हणायचे. चिठ्ठी खिशात असली की माणूस अर्धा बरा होऊनच एस.टी.त बसायचा.

ज्ञानू लोखंडे नावाचा एक कामगार होता. पिंजणखात्यात काम करायचा, भुवयांवर कायम कापूस. त्याच्या मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन आपल्याच दवाखान्यात झालं. मुलगा बरा झाला, घरी आला. त्यानंतर थोड्या दिवसांनी ज्ञानू मॅडमकडे रजा मागायला आला. बाजाराला जायचंय म्हणाला. मॅडमनी विचारलं, "कशासाठी?" आणि त्यांच्या रीतीप्रमाणे गप्प बसल्या. प्लायवूडच्या अलीकडे मीही कान देऊन बसलो.

"म्हस इकायचीय," ज्ञानू शेवटी बोलला. "दुभती हाय, पर काय करता. भुलीच्या डाक्टरांची पैशाची चिठ्ठी आलीय, आन दुसऱ्या एका डाक्टरांची. ते म्हणत्यात, आमचं आन गिरणीचं काय बी न्हाय."

मॅडम त्याच दिवशी बारामतीला गेल्या. दवाखान्याचे मुख्य डॉक्टर सरळ माणूस होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की भूल देणारे डॉक्टर दवाखान्याचे नोकर नाहीत. स्कूटरवर बॅग अडकवून ते गावातल्या सगळ्या दवाखान्यांत जातात आणि आपली फी आपण घेतात. अवघड ऑपरेशनला बोलावतात ते सर्जनही तसेच. रक्त तपासणारे तर रस्त्यापलीकडचे. करारात दवाखान्याचं नाव होतं, या कोणाचंच नव्हतं. कोणी कोणाला फसवलं नव्हतं. पेशंटला वाटायचं, खोलीत आला तो दवाखान्याचा. डॉक्टरांना वाटायचं, एवढं पेशंटला ठाऊक असेलच. मॅडमनी तो करार वाचलेला होता आणि त्यांच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. त्याचं त्यांना फार लागलं. त्या परत आल्या तोवर ज्ञानूचा दावणीचा खुंटा मोकळा झाला होता.

मग सुरू झालं ते 'विचारा' प्रकरण. शिफ्टचा भोंगा झाला की मॅडम फाटकापाशी उभ्या राहत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बजावत. "दवाखाना आपला आहे. पण तिथं येणारा प्रत्येक डॉक्टर आपला नाही. ऑपरेशन कोण करणार, भूल कोण देणार, रक्त कुठं तपासणार, हे आधी विचारा. बाहेरचा माणूस लागणार असेल तर मला फोन करायला सांगा. मी गिरणीकडून लिहून देते, मग तुमच्याकडे चिठ्ठी येणार नाही. आधी विचारा, मग झोपा." हे 'आधी विचारा, मग झोपा' पोरांनी असं उचललं की गिरणीतल्या एका लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी वाजंत्रीवाल्यांना अडवून विचारलं, "तुमी हितलं का भायेरचं?" मॅडम त्या लग्नाला होत्या. त्या हसल्या आणि पोरांना म्हणाल्या, "आता असंच डॉक्टरांना विचारा."

पण डॉक्टरांना विचारायचं कोणी? आमच्या भागातला माणूस बाजारात वांग्याच्या भावावरून हातघाईवर येईल, पण पांढरा कोट दिसला की टोपी काढून हातात घेईल. ज्याच्या हातात आपल्या माणसाचा जीव, त्याला पैशाचं विचारायचं? जीभ रेटत नाही. म्हणून मॅडम स्वतः जाऊ लागल्या. म्हणून ती दारातली खुर्ची. भुलीचे डॉक्टर आधी त्यांच्यावर भयंकर उखडले होते. नंतर नंतर ते स्कूटर लावता लावताच ओरडायचे, "मॅडम, मी बाहेरचाच! करा फोन!" आणि इकडे माझ्या बोर्डावर दिवा लागायचा.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना ज्ञानूची बायको, पारूबाई, गिरणीत चक्कर येऊन पडली.

पारूबाई सूत गुंडाळण्याच्या खात्यात होती. बोलायला फार कमी. तिच्या आवाजाची आठवण करायला गेलो तर मला त्या काळातली दोन-चार वाक्यंच आठवतात. खात्यातल्या बायकांनी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं की तिला कितीतरी महिन्यांपासून अंगावरून जातंय, ती कोणाला कळू देत नाही. मॅडमची लूना त्या दिवशी रुसलेली होती, म्हणून मला माझ्या स्कूटरवरून त्यांना ज्ञानूच्या वस्तीवर न्यावं लागलं. मी बाहेर लिंबाखाली उभा राहिलो. दार उघडंच होतं.

"अगं, महिनोन्‌महिने दुखणं अंगावर काढलंस? दवाखाना आहे ना आपला?"

पारूबाई चुलीतली राख सारत राहिली. मॅडम वाट बघत राहिल्या. मग ती म्हणाली, "म्हस गेली, मॅडम. आता इकायला घरात काय हाय? पोरगं शिकतंय. मला काय धाड भरलीय? जाईल तवर जाईल."

मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं की ज्ञानूच्या घरातून त्या चिठ्ठ्यांनी काय काय नेलं होतं. म्हैस ही त्यातली दिसणारी गोष्ट. ही बाई मरायला तयार होती, पण दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हती.

मॅडम तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. बोलताना त्यांचं ऑफिसमधलं मराठी सुटलं आणि कऱ्हाटीचं आलं. "पारू, माज्याकडं बघ. मी सोता दारात बसंन. तुज्या घरी कसलीबी चिठ्ठी येणार न्हाय. माजा शबुद हाय तुला."

बघा, आयुष्यभर शब्द तोलून वापरणाऱ्या बाईनं असा शब्द दिला. परतीच्या वाटेवर त्या स्कूटरवर माझ्या मागे बसल्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, असं बोलून बसायला नको होतं." त्या म्हणाल्या, "नाहीतर ती आली नसती."

गर्भाची पिशवी काढायची ठरली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी मॅडमना सोडायला दवाखान्यात गेलो होतो, तेव्हा पारूबाईचा थोरला भाऊ बावड्याहून जीप भरून माणसं घेऊन आला. बाजीराव तात्या. केळीची बाग, घरचा ट्रॅक्टर, डोक्याला फेटा आणि आवाज असा की दवाखान्यात हळू बोलण्याची पाटी त्यांना बघूनच लाजली असेल. बहिणीचं दुखणं त्यांना उशिरा कळलं होतं. त्याचा राग त्यांनी ज्ञानूवर काढला, मग दवाखान्यावर. "माजी बहीण हाय ती! हितं कापाकापी न्हाय करायची. पुण्याचा डाक्टर बोलवा. माज्या वळखीचा हाय. आत्ता फोन करतो."

ज्ञानूचा चेहरा पडला. पण तो 'नको' कसा म्हणणार? बायकोच्या भावासमोर, चार पाहुण्यांदेखत, बायकोच्या जिवासाठी मोठा डॉक्टर नको म्हणायचं? आमच्याकडे कितीतरी घरं अशी बसली आहेत. दुखणं एकाचं, मानपान दुसऱ्याचा आणि चिठ्ठी तिसऱ्याच्या हातात.

मॅडम पुढं झाल्या. त्यांनी तात्यांना विरोध केला नाही. उलट म्हणाल्या, "फार चांगलं, तात्या. बहिणीसाठी एवढं कोण करतं? मग डॉक्टरसाहेबांची सगळी उठबस तुमच्याकडंच ना? आपल्यात ज्यानं बोलावलं त्यानंच पाहुण्याचं बघायचं असतं. त्यांचं येणं-जाणं, फी, सगळं तुमच्या नावावर सांगते दवाखान्यात." आणि गप्प बसल्या.

तात्यांनी फेटा सारखा केला. खिडकीबाहेर बघितलं. खाकरले. "तसं म्हंजे," ते म्हणाले, "हितला डाक्टर बी काय वाईट न्हाय म्हणत्यात."

"नाहीच वाईट. पण तुमच्यासारखं वजनदार माणूस दारात पाहिजे, तात्या. ज्ञानूला कोणी जुमानायचं नाही. नवा डॉक्टर आला की तुम्ही विचारायचं, इथला का बाहेरचा. बाहेरचा असेल तर मला हाक मारायची. बसाल?"

तात्या मॅडमच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. फोटोला बसल्यासारखे. सगळ्यांत मोठा आवाज असलेल्या पाहुण्याला सगळ्यांत जबाबदारीच्या खुर्चीवर बसवायचं, ही मॅडमची युक्ती मी आधीही पाहिली होती आणि ती कधी फसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भुलीच्या डॉक्टरांचं सगळं आधी ठरलेलं होतं, त्यांच्यासाठी गिरणीचं पत्र दिलेलं होतं. ऑपरेशन सुरू झालं. मॅडम काउंटरवर येऊन मला फोन करून सांगत होत्या, ज्ञानूची रजा वाढवायला सांगा म्हणून. तेवढ्यात मला पलीकडून गडबड ऐकू आली. कोणीतरी पळतंय, कोणीतरी रक्त मागतंय. मॅडमनी रिसीव्हर काउंटरवर तसाच टाकला. मी कानाला लावून बसून राहिलो. आत रक्तस्राव थांबेना म्हणून मुख्य डॉक्टरांनी दुसऱ्या दवाखान्यातल्या सर्जनना बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी ऐकू आला तो तात्यांचा आवाज. तो बावड्यापर्यंत गेला असेल.

"थांबा! हात लावू नका दाराला! तुमी हितलं का भायेरचं? आदी सांगा, मग आत जावा!"

"अहो, सोडा मला! पेशंट जाईल!"

"सांगितल्याबिगर न्हाय सोडायचा!"

आणि मग मॅडमचा आवाज आला. त्या कधी ओरडत नसत. त्या दिवशी ओरडल्या. "तात्या, बाजूला व्हा! विचारू नका! काही विचारू नका! जाऊ द्या त्यांना!"

दार आपटलं. त्यानंतर फक्त पंख्याचा आवाज येत राहिला. बोर्डावर इतर दिवे लागत होते, मी एकही उचलला नाही. पुष्कळ वेळानं कोणीतरी रिसीव्हर जागेवर ठेवला.

पारूबाई वाचली. संध्याकाळी मी बारामतीला गेलो तेव्हा तात्या जिन्याच्या पायरीवर फेटा मांडीवर घेऊन बसले होते. तो एवढा मोठा माणूस हमसून रडत होता. "माज्या हातानं बहिणीच्या जिवावर उठलो व्हतो मी." मॅडम त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तुम्ही नाही, तात्या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मी बसवलं होतं. काय विचारायचं ते सांगितलं, कधी विचारायचं नाही ते सांगितलं नाही. चूक माझी आहे."

त्यांनी ते तिथल्या तिथं संपवलं नाही. दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर फाटकापाशी उभ्या राहून सगळ्या शिफ्टसमोर तेच सांगितलं. "मी तुम्हाला अर्धवट शिकवलं. धोका नसेल तेव्हा आधी विचारायचं. जिवावर बेतलं असेल तेव्हा कोणी कोणाला अडवायचं नाही. त्या वेळी दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं. भांडायचं ते मी नंतर भांडेन." अधिकारी माणूस कामगारांसमोर चूक कबूल करतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. पुढेही फारसं पाहिलं नाही.

पण शब्द दिलेला होता, आणि त्या सर्जनची चिठ्ठी आलीच. मॅडमनी ती दवाखान्यातूनच स्वतःकडे घेतली. ज्ञानूच्या घरी ती गेली नाही. हेडक्लार्क म्हणाले, बाई पगारातून भरून मोकळ्या होतील. मलाही तसंच वाटलं होतं. मी तसं विचारलंही. त्या माझ्यावर उखडल्या. "मी पैसे भरले की पारूचं भागेल. तिच्यानंतर येणारीचं काय?"

गिरणीच्या संचालकांची बैठक होती. चहा आत न्यायचा निरोप मी शिपायाला दिला आणि दाराशी रेंगाळलो. एक संचालक म्हणत होते, नियम म्हणजे नियम, आधी मंजुरी घेतली नाही, तर गिरणी कशी देणार? मॅडम उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "टेबलावर पोट उघडं टाकून पडलेल्या बेशुद्ध बाईनं मंजुरी कोणाकडून घ्यायची होती?"

आणि गप्प बसल्या.

चहा निवला. कोणी घड्याळ बघितलं, कोणी छताचा पंखा. मॅडमनी बैठकीला दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांनाही आणलं होतं. ती शांतता बहुतेक त्यांनाच सोसवेना. ते म्हणाले, "सर्जनना फोन मी केला. पेशंटनं केला नाही, नवऱ्यानं केला नाही. ज्यानं बोलावलं त्यानं बघायचं, असं मॅडम म्हणतात ते बरोबर आहे. चिठ्ठी माझ्याकडं यायला पाहिजे होती." मग बरीच घासाघीस झाली. पण त्या दिवसानंतर करारात एक वाक्य वाढलं. पेशंट दवाखान्यात असताना दवाखान्यानं ज्याला ज्याला बोलावलं, त्याचा हिशेब दवाखाना आणि गिरणी आपसांत बघतील, घरच्यांच्या हातात चिठ्ठी जाणार नाही. एवढंच वाक्य. मॅडमनी ते मला दोनदा वाचून दाखवलं.

तरी खुर्चीवर बसणं त्यांनी सोडलं नाही. वाक्य कागदावर आलं म्हणजे दारात पोचलं असं नसतं, असं त्या म्हणायच्या. पारूबाई पुन्हा कामावर आली. तिनं मॅडमचे आभार मानल्याचं मला कधी दिसलं नाही. फक्त तिच्या खात्यात कोणाच्या घरी दुखणं निघालं की ती मॅडमबरोबर बारामतीला जायची आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला भुईवर बसायची. बोलायची नाही. बसायची.

दशक सरता सरता गिरणीची घरघर सुरू झाली. कामगार कमी झाले, भोंगा कधी वाजायचा, कधी नाही. मॅडमना पुण्यात दुसरी नोकरी मिळाली होती. जायच्या आधी त्यांच्या आबांचं दुखणं निघालं. म्हातारपणात पडले, खुब्याचं हाड मोडलं. त्याच दवाखान्यात आणलं. मी ऑफिस सुटल्यावर भेटायला गेलो. मॅडमना शेवटचं पाहिलं ते तिथं.

जिना चढून वर गेलो तर खोलीबाहेर मॅडम उभ्या होत्या. खुर्ची नव्हती. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात आबांची टोपी. आबांना ऑपरेशनला न्यायचं होतं. जिन्यावरून एक तरुण डॉक्टर बॅग घेऊन आला. नवा होता, मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी त्याला नमस्कार केला आणि वाट दिली. विचारलं काहीच नाही. ज्या बाईनं अख्ख्या गिरणीला बोलायला शिकवलं, तिचे ओठ नुसते हलले आणि मिटले. आपल्या माणसाचा जीव दुसऱ्याच्या हातात असला की काय होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. मला वाटलं, आपण विचारावं. माझीही जीभ रेटली नाही.

"दाक्तरसायब, जरा थांबा."

पारूबाई माझ्या मागून जिना चढून आली होती. चढणीचा दम लागलेला, पदर खोचलेला. तिनं त्या डॉक्टरला हात जोडले. "तुमी हितलं का भायेरचं?"

तो हसला. "भूल द्यायला आलोय, बाई. बाहेरचा. पण मॅडमच्या करारातला आहे. खाली सांगितलंय मला."

"मग जावा," पारूबाई म्हणाली. तिनं खोलीतली खुर्ची उचलून बाहेर आणली आणि दाराशी ठेवली. मॅडम सवयीनं तिच्यावर बसायला गेल्या. पारूबाईनं त्यांच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली आणि त्यांना दंडाला धरून आत वळवलं.

"तुमी आबाच्या उशाला बसा, मॅडम. दारात मी हाय."

मॅडम आत गेल्या. पलंगाच्या कडेला टेकल्या आणि आबांच्या कपाळावर हात ठेवला. पारूबाई खुर्चीवर बसली, पाठ ताठ करून.